कोरड्या तुकड्यावरचा चहा

मित्रांनो, मी एक जुना राजा आहे. पृथ्वीच्या अगदी तळाशी, दक्षिण ध्रुवाच्या बाजूला, जिथे बर्फसुद्धा मुक्काम करायला नाखूश असतो अशा एका उघड्याबोडक्या खोऱ्यावर माझ्या घराण्याची सत्ता आहे. तिथे वाघ नाही, लांडगा नाही, साप नाही, साधा उंदीरही नाही. त्या मातीत आमच्याइतकं दूरवर पसरलेलं दुसरं कुणीच नाही. हजारो वर्षांत आमच्यावर कुणी चाल करून आलं नाही आणि आमच्या राज्यात एकदाही बंड झालेलं नाही.

माझी लांबी पाऊण मिलिमीटर आहे.

माझी जात सूत्रकृमीची. तुमच्या खिरीतली एक शेवई घ्या, ती केसाइतकी बारीक चिरा आणि मग तिचे तुकडे करत सुटा. जो तुकडा ताटात दिसेनासा होईल, तो मी. मला डोळे नाहीत, कान नाहीत. मग ही सगळी हकिकत तुला कळली कशी, असं विचारणारं कुणीतरी प्रत्येक वर्गात असतं. आजवर फाटक्या छत्रीने आणि मोडक्या खुर्चीने तुम्हाला आपापली कहाणी सांगितली, तेव्हा त्यांचे कान कुणी तपासले होते? तरी सांगतो. मला जे कळलं ते नायरी नावाच्या शास्त्रज्ञ बाईकडून कळलं. सूक्ष्मदर्शकाच्या भिंगाला डोळा लावून ती तासन्‌तास बोलत बसते आणि मला उठून जाता येत नाही.

माझा जन्म एका तांबूस दगडाच्या उत्तरेच्या कडेला झाला. आमच्याकडे ऊन उत्तरेकडून येतं, त्यामुळे ही जागा खानदानी समजली जाते. डिसेंबरात आमचा उन्हाळा उजाडला की समोरच्या हिमनदीच्या कडेला घाम फुटतो. पाच-सहा आठवडे एक बारकासा ओढा वाहतो आणि त्याच्या काठची माती काळपट दिसू लागते. आमच्या दगडापर्यंत मात्र ओढा कधी आला नाही. एखाद्या वर्षी दगडाच्या आडोशाला मूठभर बर्फ साचायचं आणि त्यातलं बरंचसं पाणी न होताच वाऱ्यावर उडून जायचं. उरलेलं बोटभर मातीत मुरायचं. तेवढ्या ओलीवर आमचा सगळा संसार. ओल आली की मातीतले जिवाणू जागे होतात, ते जागे झाले की आम्ही जागे होतो, त्यांना खातो, लग्नं करतो, अंडी घालतो, आणि माती पुन्हा कोरडी पडू लागली की आवराआवर करतो.

ही आवराआवर म्हणजेच आमची विद्या. आम्ही अंगातलं जवळजवळ सगळं पाणी सोडून देतो, जिलबीसारखं वेटोळं करतो आणि वाळून पडून राहतो. श्वास नाही, भूक नाही, काही नाही. पुढे एक वर्षाने, दहा वर्षांनी, ओल येईल तेव्हा उठतो. तुमच्याकडे पापड वाळतात, मिरच्या वाळतात. पण पाण्यात टाकल्यावर उठून जेवायला निघालेला पापड कुणी पाहिलाय का? माझं जागेपणीचं वय दोनशे दहा दिवस आहे. झोप धरली तर सत्तावीस वर्षं. यातलं कोणतं खरं धरायचं, हे आमच्यात ज्याचं त्याने ठरवायचं असतं.

या विद्येला एकच अट आहे. वाळायला सवड लागते, निदान एक दिवस. ओल हळूहळू गेली तर आम्ही कितीही थंडी पचवतो. पण अवेळी ओल आली, आम्ही उठून बसलो आणि तेवढ्यात माती गोठली, तर ओल्या अंगाने सापडतो आणि मग बहुतेकांचा कारभार आटोपतो. म्हणून पाणी म्हणजे जीवन, असं आमच्याकडे कुणी भिंतीवर लिहीत नाही.

ही गोष्ट साऱ्या जगात ज्या बाईने ओळखली ती नायरी. न्यूझीलंडची, उंच, हडकुळी, नाक कायम उन्हाने सोललेलं. एकोणीस वर्षांपूर्वी ती हेलिकॉप्टरमधून उतरली आणि तिने माझ्या दगडाजवळ दोन हात लांब, दोन हात रुंद असे दोन तुकडे आखले. एक ओला, एक कोरडा. ओल्या तुकड्याला दर उन्हाळ्यात चार वेळा जवळच्या तळ्याचं मोजलेलं पाणी द्यायचं. कोरड्याला काहीच द्यायचं नाही. हंगामाच्या शेवटी दोन्हींच्या मधोमध एकेक चमचा माती घ्यायची आणि तिच्यात कोण कोण, किती, ते मोजायचं. मी कोरड्या तुकड्याचा. निवड तिची, मान आमचा.

पण नायरीचा काटेकोरपणा एवढ्यावर थांबणारा नव्हता. ओल्या तुकड्यापाशी ती वाकते, तिची सावली पडते, हात हलतो. मग कोरड्या तुकड्यालाही तेवढंच सगळं मिळायला हवं, फक्त पाणी सोडून. म्हणून ती दोन सारखे हिरवे थर्मास आणायची. एकावर चिकटपट्टी लावून लिहिलेलं ‘पाणी’, दुसऱ्यावर ‘रिकामा’. पाण्याचा थर्मास ओल्या तुकड्यावर, तीस मोजेपर्यंत, एका धारेत. मग रिकामा थर्मास कोरड्या तुकड्यावर, तशीच वाकून, झाकण उघडून, तीस मोजेपर्यंत. नजर घड्याळावर. मित्रांनो, रिकाम्या भांड्याने इतक्या मनोभावे अभिषेक झालेला माझ्याखेरीज दुसरा राजा मला तरी ठाऊक नाही.

अठरा वर्षांत काय दिसलं? ओल्या तुकड्यात आमची माणसं दरसाल कमी होत गेली आणि आमचे थोरले चुलतभाऊ, दुसऱ्या जातीचे सूत्रकृमी, तिथे राहायला आले. हे लोक जाडे, ओलीचे लोभी आणि खाण्यात विधिनिषेध नसलेले, आम्हालाही खातात. कोरड्या तुकड्यात मात्र आम्ही जसेच्या तसे होतो. नायरी हे दरवर्षी परिषदेत सांगायची आणि दरवर्षी पुढच्या रांगेतले एक गृहस्थ उठून विचारायचे, “पण बाई, पाणी दिल्यावर जीव कमी कसे होतील? मोजण्यात काही घोटाळा नाही ना?” नायरी म्हणायची, “पुढच्या वर्षीही मोजते.” तिने एकोणीस वर्षांची मोजणी कबूल केली होती. एकोणिसाव्या वर्षी ती निवृत्त होणार होती आणि तुकडे कायमचे बंद होणार होते. शेवटचा ठिपका पडला की आलेख पुरा आणि त्या गृहस्थांचं तोंड बंद, असा तिचा बेत होता.

त्या वर्षी छावणीचा कारभार राविरीकडे होता. हा माओरी, म्हणजे न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांपैकी; पन्नाशीचा, दाराएवढा रुंद. तंबू, स्टोव्ह, जेवण, दोर, वायरलेस, सगळं तो बघायचा. नायरीला तो ‘फाया’ म्हणे; त्यांच्यात वडीलधाऱ्या बाईला असं म्हणतात, आणि चिडवायचं असलं तरीही असंच म्हणतात. त्याचा तिसरा हंगाम होता, पण तुकड्यांपाशी तो कधी आला नव्हता, कारण नायरी येऊ द्यायची नाही. खुणेच्या दगडांपलीकडे त्याचा बूट पडला की ती तंबूतून ओरडायची, “राविरी, तो ठसा पन्नास वर्षं राहील!” तो म्हणायचा, “चला, म्हणजे नाव तरी राहील.”

शेवटच्या अभिषेकाच्या आदल्या दिवशी नायरीच्या चहाच्या थर्मासचं झाकण वाऱ्याने पळवलं. राविरीने ते अर्धा मैल पळून पकडलं, कारण त्या खोऱ्यात माणसाने काहीच मागे ठेवायचं नसतं. उष्टं नाही, राख नाही. लघवीसुद्धा बाटल्यांत भरून हेलिकॉप्टरने परत जाते. झाकण सापडलं, पण तडकलेलं. दुसऱ्या दिवशी कडाक्याचा वारा होता. राविरीला वाटलं, बाईचा अखेरचा दिवस, गरम चहा तरी मिळावा. त्याने तंबूत पाहिलं, तर एका थर्मासवर ‘रिकामा’ असं स्वच्छ लिहिलेलं. त्याने तो भरला.

नायरीने ओल्या तुकड्याला पाणी दिलं. मग रिकामा थर्मास उचलला. हातात दोन-दोन जाड मोजे, वारा सुसाट, आणि हात अठरा वर्षांचे सरावलेले. तिने झाकण फिरवलं, वाकली, घड्याळाकडे पाहिलं आणि मोजायला लागली.

वरच्या थरातले आमचे कितीतरी जण जागच्या जागी भाजून गेले. मी दोन बोटं खाली होतो. माझ्यापर्यंत येईतो पूर कोमट झाला होता. मी सहा वर्षं झोपलेलो. राजे काही झटकन उठत नाहीत. पण मातीतली ओल अंगात झिरपली आणि माझं वेटोळं सैल पडू लागलं. आमच्या घराण्यात गोड पाणी चाखणारा मी पहिला.

तिसाव्या आकड्याला नायरीने खाली पाहिलं.

“राविरी!”

“काय, फाया?”

“या थर्मासमध्ये काय होतं?”

“चहा. का, आवडला नाही?”

“मी प्यायले नाही.”

राविरी धावत आला आणि सवयीने खुणेच्या दगडाशी थबकला. तिथूनच त्याला तो तपकिरी डाग दिसला.

“अरे देवा. सगळा?”

“सगळा. तीस मोजेपर्यंत.”

“मग मधेच थांबायचं ना!”

“मी घड्याळाकडे बघत होते.”

“ओतताना घड्याळाकडे कोण बघतं?”

“रिकामा थर्मास ओतताना खाली बघून काय करायचं असतं?”

“म्हणजे तू रिकामा थर्मास ओततेस? मुद्दाम?”

“हंगामातून चार वेळा.”

“आणि माझी आजी स्मशानातून परतताना अंगावर पाणी शिंपडायची, तर तिला तुम्ही शिकलेली माणसं भोळी म्हणायचात. तिच्या हातात निदान पाणी असायचं, फाया.”

नायरी हसली नाही. ती दगडावर बसली, थर्मास मांडीवर धरून. राविरीचा चेहरा पडला. “माझी चूक आहे,” तो म्हणाला.

“तुझी नाही. तुला इथे कधी येऊच दिलं नाही, तर तुला कळणार कसं?”

मग ती वाकून तुकडा न्याहाळू लागली. डाग मधोमध होता. चारही कोपरे कोरडे ठणठणीत.

“कोपरा कोरडा आहे,” ती हळूच म्हणाली.

“मग कोपऱ्यातली घे की माती.”

“अठरा वर्षं मधोमधची घेतलीय.”

“कोपऱ्यातले किडे काय वेगळे असतात? तुझेच किडे, तुझीच माती. पाहिलं कुणी? तू आणि मी. मी सांगेन चहा मी प्यायलो. तसाही माझ्यावर कुणी शंका घेणार नाही.” त्याने पोटावर हात ठेवला.

मित्रांनो, इथे माझाही जीव टांगणीला लागला होता. त्या खोऱ्यात उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही, पण सहाच्या सुमाराला पश्चिमेच्या डोंगराआड जातो आणि सावली पडली की माती घटकाभरात दगड होते. मी अर्धा उलगडलेला, अंग ओलं, वाळायला दिवसाची सवड नाही. माझ्या आजूबाजूला घराण्यातले शेकडो जण असेच झोपमोड झालेले. चहा लपवायचा तर माती तिथेच राहणार. आणि कळवायचं तर नियम ठरलेला: जे सांडलं त्याखालची माती खोदून, पिशवीत भरून, खोऱ्याबाहेर न्यायची. म्हणजे माझं राज्य जाणार, पण जीव वाचणार. नायरीपुढे तराजू उलटा होता. कळवलं तर एकोणिसावा ठिपका गेला आणि त्या गृहस्थांना बोलायला आयता विषय.

ती उठली. “कोपऱ्यातला आकडा खरा निघेल,” ती म्हणाली, “पण मधोमधचा म्हणून सांगितला की खोटा होईल. आणि तो गृहस्थ पुन्हा विचारेल, मोजण्यात घोटाळा नाही ना? तेव्हा मी नाही म्हणेन, आणि अठरा वर्षांत पहिल्यांदा मला खाली बघावं लागेल. वायरलेस लाव.”

मोहिमेच्या मुख्य तळावर त्या वेळी वायरलेसपाशी ग्लेनिस बसलेली असायची. तिच्या समोर सांडण्याचा छापील फॉर्म असतो आणि तो वरून खाली भरल्याशिवाय ती खोदायची परवानगी देत नाही. सावली समोरच्या उतारावरून खाली सरकू लागली होती.

“बोल नायरी. काय सांडलं?”

“चहा.”

“किती?”

“तीनशे मिलिलिटर.”

“दूध?”

“पावडरीचं.”

“साखर?”

“दोन चमचे.”

“तीन,” मागून राविरी म्हणाला.

नायरी वळली. “मी दोन घेते!”

“शेवटचा दिवस होता, फाया.”

“तीन लिही, ग्लेनिस.”

“कारण? धक्का लागला, पाय घसरला, वारा, की भांडं फुटलं?”

“मी ओतला.”

“म्हणजे निष्काळजीपणे?”

“अतिशय काळजीपूर्वक.”

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. “फॉर्ममध्ये तसा रकाना नाही,” ग्लेनिस म्हणाली. “‘इतर’मध्ये टाकते. जागा कोणती?”

“कोरडा तुकडा.”

तळावर त्या तुकड्याबद्दल ठाऊक नसलेलं कुणी नव्हतं; स्वयंपाकघरातला माणूसही विचारायचा, यंदा कोरडे किती? ग्लेनिसचा आवाज एकदम बदलला. “अगं बाई. शेवटच्या वर्षी?”

“हो. आता खोदू का? सावली आलीय.”

“खोद. उरलेले रकाने मी मनाने भरते.”

त्या दिवशी राविरी पहिल्यांदा खुणेच्या दगडांच्या आत आला. नायरीनेच त्याला पाऊल कुठे टाकायचं ते दाखवलं. एवढा आडदांड माणूस, पण गुडघ्यांवर बसून डोहाळेजेवणातल्या पानावरचा पदार्थ उचलावा तशी त्याने चमच्याचमच्याने माती काढली. सावली खड्ड्याच्या काठाला टेकली तेव्हा मी पिशवीत होतो. नायरीने पिशवी कोटाच्या आत छातीशी धरली. “गोठू द्यायचं नाही यांना,” ती म्हणाली, “हळूहळू वाळू दे.” राविरी म्हणाला, “आता कशाला जपतेस? मोजणीतून तर गेले.”

“मोजणार आहे,” नायरी म्हणाली. “चहाचा ठिपका म्हणून मोजणार आहे.”

प्रयोगशाळेत तिने त्या मातीतले सगळे मोजले. जिवंत निघाले एकेचाळीस. त्यांत मी आहे. आलेखावर अठरा काळे ठिपके पडले आणि एकोणिसाव्या जागी एक तारा. खाली तळटीप: “चहा. तीनशे मिलिलिटर, दूध पावडरीचं, साखर तीन चमचे. ओतणारी: लेखिका.”

परिषदेत तो आलेख पडद्यावर आला. पुढच्या रांगेतले गृहस्थ उठले आणि म्हणाले, “तो तारा कसला?” नायरीने सगळं सांगितलं, रिकाम्या थर्माससकट. सभागृह पोट धरून हसलं. हसू ओसरल्यावरही गृहस्थ उभेच होते. आता नेहमीचा प्रश्न येणार म्हणून नायरीने पाण्याचा घोट घेतला. पण ते म्हणाले, “जिने हे छापलं, तिचे बाकीचे अठरा खरे असणार,” आणि खाली बसले. नायरी हे मला सांगत होती तेव्हा भिंगाची काच दोनदा पुसावी लागली. ती म्हणते वाफ धरली होती. मी राजा आहे, मी वाद घालत नाही.

तर मित्रांनो, मी माझ्या राज्यापासून चार हजार किलोमीटर दूर आहे. दगडाची ती उत्तरेची कडा मला पुन्हा मिळणार नाही. एखाद्या दिवशी तिची फार आठवण येते. पण माझ्या घराण्यात तळटीपेत गेलेला मी एकटाच, आणि हे मी नम्रपणे वगैरे सांगत नाही. तुम्ही मात्र एवढं ध्यानात ठेवा. एखादी जमीन कोरडी दिसली म्हणजे ती मेलेली नसते. तिच्यातले लोक आपल्या वेळेची वाट बघत पडलेले असतात. त्यांचं भलं करायला निघण्याआधी त्यांना काय हवंय ते बघा, आणि पाऊल जपून टाका. आणि कधी हातून चुकीचं काही सांडलंच, तर किती चमचे साखर होती तेसुद्धा सांगून टाका.

सध्या आम्ही एकेचाळीस जण प्रयोगशाळेच्या फ्रिजमध्ये तिसऱ्या फळीवर, काचेच्या बशीत असतो. तुमच्यापैकी कुणी तिकडे गेलंच, आणि दुधासाठी तो फ्रिज उघडलाच, तर दार लावताना शेवटी जरा जोराने ढकला. त्याचं रबर सैल झालंय.